सेलिब्रिटींच्या ब्रेकअप-लग्नाच्या बातम्या फीडमधून जातच नाहीत, काय करावं?

प्रश्न: मथळा पाहून लगेच बंद केलं तरी पुन्हा तेच. का?

उत्तर १: उघडलंत तिथेच मोजणी झाली. पान लोड होताच जाहिराती दिसतात, त्यावरच कमाई. वाचलंत की नाही हे नंतरचं. गूगल डिस्कव्हरमध्ये (फोनवरच्या गूगल अ‍ॅपमधलं बातम्यांचं फीड) बातमीच्या कार्डावरचे तीन ठिपके दाबून त्या विषयात रस नसल्याचं कळवा. शिवाय गूगल खात्यातल्या ‘माय अ‍ॅक्टिव्हिटी’तून त्या सेलिब्रिटीच्या नावाचे जुने सर्च पुसा. हे बहुतेक जण विसरतात.

उत्तर २: मथळ्यात ‘चर्चांना उधाण’ किंवा शेवटी प्रश्नचिन्ह दिसलं की आत बहुधा पुष्टी नसते. एका अनफॉलोवर अख्खी बातमी रचलेली असते.

उत्तर ३: रागानेही कमेंट करू नका, तोही प्रतिसादच धरला जातो. मागणी असते तोवर अशा बातम्या येतच राहतात. १९९७ साली पॅरिसमध्ये पापाराझी (सेलिब्रिटींचा पाठलाग करणारे फोटोग्राफर) ब्रिटनच्या राजघराण्यातल्या डायनाच्या गाडीमागे लागले, कारण त्या फोटोंना गिऱ्हाईक होतं.