२०१५ चा सिंहस्थ तर परवा झाला ना?

जुना_पंचवटीकर
नमस्कार मंडळी. आम्ही नाशिकच्या पंचवटीतली माणसं वय सिंहस्थांवर, म्हणजे इथल्या कुंभमेळ्यांवर मोजतो. १९८० च्या सिंहस्थात मी नऊ वर्षांचा होतो. येवल्याची आत्या, सिन्नरचे मामा आणि त्यांच्याबरोबर आलेले कोण कोण, वाड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. आम्ही पोरं ओट्यावर एकमेकांना चिकटून झोपायचो. सगळे परत गेल्यावर मी आजीला विचारलं, "पुन्हा कधी?" "आता बारा वर्षांनी." मला ते "आता कधीच नाही" असंच ऐकू आलं. आणि पुढचा सिंहस्थ येईपर्यंत मला मिसरूड फुटली, आयटीआय झालं, सातपूरला नोकरी लागली, आजी गेली.

२०१५ ला बॅरिकेडमुळे गंगेवर (आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो) जाता आलं नाही, शाही स्नान घरी टीव्हीवर पाहिलं. ते परवाचं वाटतं. आता २०२७ च्या तयारीला रस्ते खोदलेत. मधली वर्षं गेली कुठे? बायको म्हणते, म्हातारे झालात. बरं, झालो. पण म्हातारपणी घड्याळ पळतं म्हणावं, तर कंपनीत दुसऱ्या पाळीचे शेवटचे दोन तास अजूनही सरत नाहीत.

त्रैराशिक_ताई
काका, पॉल जाने नावाच्या फ्रेंच तत्त्वज्ञाने १८७७ मध्येच हे मांडलंय. कुठलाही काळ आपण जगलेल्या आयुष्याच्या तुलनेत मोजतो. नऊ वर्षांच्या मुलाला बारा वर्षं म्हणजे अख्ख्या आयुष्यापेक्षा जास्त. २०१५ ला तुम्ही चव्वेचाळीसचे, म्हणजे तेव्हा तीच बारा वर्षं पाव आयुष्याच्या आसपास. वर्गात मी हे फळ्यावर मांडून दाखवते, पोरांना पटत नाही, त्यांच्या पालकांना लगेच पटतं.

गुरूचा_शिष्य
सिंहस्थ येतो गुरू सिंह राशीत आला की, आणि गुरू ग्रहाला सूर्याभोवती फिरायला साधारण ११.८६ वर्षं लागतात. १९८० ला तेवढीच, आजही तेवढीच. त्याच्यावर आळ घेऊ नका.

तपोवन_सायकल
ताई, हिशोब देखणा आहे, पण काकांचे ते दोन तास त्यात बसत नाहीत. त्या हिशोबाने पाळीसुद्धा आखूड व्हायला हवी होती.

२००५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला, विटमान आणि लेनहॉफ यांचा. १४ ते ९४ वयाच्या ४९९ जणांना विचारलं की काळ किती वेगाने जातोय. आठवडा, महिना कसा गेला, यात वयाने फारसा फरक पडला नाही. "मागची दहा वर्षं कशी गेली?" म्हटल्यावर मात्र वयस्कर माणसं जास्त करून "भुर्रकन" म्हणाली. म्हणजे पळतं ते मागे वळून पाहताना. विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९० मध्ये दोष रुटीनला दिला होता: लहानपणी रोज काहीतरी नवं, पुढे एक दिवस दुसऱ्यासारखा. आठवणीत वेगळं काही उरलं नाही की वर्ष आक्रसतं.

मला पटतो तो मिशेल सिफ्रचा किस्सा. हा फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञ १९६२ मध्ये घड्याळाशिवाय दोन महिने गुहेत राहिला. १४ सप्टेंबरला बाहेर आला, तेव्हा त्याच्या हिशोबाने २० ऑगस्ट होता. पंचवीस दिवस गहाळ! तेव्हा तो ऐन तेवीस वर्षांचा होता, म्हणजे इथे वयाचा संबंधच नाही. अंधारात सगळे दिवस सारखे.

काका, तुमची पाळी पण गुहाच. आत असताना लांब, बाहेर आल्यावर शून्य.

दिंडोरीचा_बागायतदार
आमच्याकडे द्राक्षाला एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, म्हणजे तुमच्या पाळीसारखंच ठरलेलं. तरी २०१४ ची गारपीट विचारा, कुठला प्लॉट आधी झोपला, घडांवर गारांचा आवाज कसा येत होता, सगळं सांगतो. बाकी ज्या वर्षी माल चांगला गेला, पैसे वेळेवर आले, त्यातलं एकही धड आठवत नाही. वर्ष लांब करायला गारा पडायला पाहिजेत का? मग राहू द्या, आहे ते आखूडच बरं.

जुना_पंचवटीकर
दादा, तुमचं वाचून हसलो आणि मग वही काढली. २०१५ पासून एकेका वर्षापुढे काय आठवतं ते लिहिलं. २०१६ ला गंगेचा पूर, आम्ही नदीतला दुतोंड्या मारुती किती बुडाला ते बघायला गेलो होतो. २०२० तर सगळ्यांचंच. २०१८ कोरं. २०१९ पण कोरं. १९८० पुढे मात्र पान पुरेना, आत्याच्या पिशवीला येणारा कापराचा वाससुद्धा लिहिला.

वही बायकोला दाखवली. ती म्हणाली, "२०१८ ला घराला रंग दिला, तुम्ही स्वतः. तीन आठवडे सुट्टी टाकून. रंगावरून आठ दिवस अबोला होता आपला." मला काही म्हणजे काही आठवलं नाही. भिंतीकडे पाहिलं, फिकट हिरवी आहे.

कोणता रंग मला हवा होता, ते मी तिला अजून विचारलेलं नाही.