दोन धर्मांच्या घरात वाढलेले, तुमचं देवाचं काय ठरलं?

कॅडलरोडवाली: काल बुधवार आहे हे विसरले आणि माहीमला चर्चच्या नॉव्हेना प्रार्थनेच्या गर्दीत बस अडकली, मम्मीची फार आठवण आली. मम्मी ईस्ट इंडियन (म्हणजे मुंबईकडचे मूळचे मराठी ख्रिश्चन), पप्पा गिरगावातले हिंदू. मंगळवारी आजीबरोबर सिद्धिविनायक, बुधवारी मम्मीबरोबर चर्च. कॉलेजात दोन्ही सोडलं. आता पन्नाशीत ना समई लावते ना मेणबत्ती, पण कुंड्यांना पाणी घालताना रोझरी पुटपुटते, मधेच तिची रामरक्षा कधी होते कळत नाही आणि मी थांबवतही नाही. एवढंच काय ते माझं. तुमचं लिहा.

चिंबोरी: ईस्ट इंडियन म्हणजे घरी बॉटल मसाला असणारच!! विकत मिळेल का?

कॅडलरोडवाली: मावशी उन्हाळ्यात करते, विचारते. विषयावर या हो 😄

सायलेंटमोड: अब्बा मुसलमान, आई हिंदू. स्पेशल मॅरेज ॲक्टने लग्न करताना 30 दिवसांची नोटीस मॅरेज ऑफिसच्या बोर्डावर लागते ना, ती शेजारच्या काकांनी वाचली आणि आजोबांपर्यंत पोचवली, पुढचं समजून घ्या. नंतर दोघंही आम्हाला म्हणायचे, हवं ते माना. पण शाळेत कुणी 'तुमच्यात काय करतात' विचारलं की मी गप्प. शेवटी इगतपुरीला विपश्यना केली, 10 दिवस मौन, कुणाचं नाव घ्यायचं नाही, आधी श्वास, मग अंगातल्या संवेदना नुसत्या बघायच्या. मला तेच पटलं. नवरा म्हणतो घरी 10 मिनिटं करून दाखव

हवालदारपुत्र: आमचा डिसेंबर फुल बिझी. 6 ला बाबांबरोबर चैत्यभूमी, मग माहीमच्या उरुसाला त्यांचा बंदोबस्त (तिथे पहिला मान पोलिसांचा असतो, बाबांना काय अभिमान!), मग आईचा नाताळ. आजी बाबासाहेबांच्या 22 प्रतिज्ञा पाठ म्हणायची, मी पण देव मानत नाही. तरी फ्लॅटचा ताबा मिळेना तेव्हा माउंट मेरीला मेणाचं घर वाहून आलो. आता हसा

चिंबोरी: घर कार्पेट की बिल्टअप 😂

हवालदारपुत्र: वन बीएचकेच वाहिलं, जास्त मागायला लाज वाटली

नवीनसून: आईवडील गेल्यावर विधी कुठले केलेत? आमच्याकडे आत्तापासूनच त्यावरून कुरबुर चालू आहे

कॅडलरोडवाली: मम्मी शिवडीच्या दफनभूमीत, पप्पा चंदनवाडीच्या स्मशानात, त्यांनीच सांगून ठेवलेलं म्हणून भांडण झालं नाही. तुम्ही पण आत्ताच विचारून घ्या, वाईट वाटलं तरी. 2 नोव्हेंबरला, ख्रिश्चनांच्या मृतांच्या स्मरणदिनी, शिवडीला जाते, पितृपक्षात कावळ्याला पान ठेवते. विश्वास आहे का विचारू नका, हे दोन्ही सुटत नाही.

सायलेंटमोड: 🫂

बोरीवलीस्लो: 2 ला मी पण असते तिथे. फुलं दादरहूनच घेऊन या, गेटवर फार महाग देतात