पाडलेल्या घरापेक्षा शेताचं नाव बघा

वर कोणीतरी लिहिलंय की जमिनीत पुरलेल्या जुन्या वस्तू शोधायच्या तर ऑर्डनन्स सर्व्हेचा (ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचा) जुना नकाशा उघडायचा, आज नसलेलं घर हेरायचं आणि तिथेच मेटल डिटेक्टर फिरवायचा. नकाशा बघायचा हे बरोबरच, पण घराच्या जागी गंजके खिळे इतके असतात की मशीन नुसतं कुरकुरत राहतं, माझे दोन अख्खे रविवार त्यात गेलेत. इंग्लंड-वेल्समध्ये असाल तर टाइद मॅप शोधून काढा. चर्चला द्यायचा पिकाचा दशांश (टाइद) धान्याऐवजी पैशात घ्यायचा असा कायदा १८३६ मध्ये झाला, त्यासाठी गावोगावचे हे नकाशे बनले, आणि खरा खजिना नकाशात नाही तर सोबतच्या यादीत आहे, प्रत्येक तुकड्याचा मालक, कसणारा, जमिनीचा वापर आणि बहुतेक वेळा शेताचं नावसुद्धा!

आमच्या इकडच्या एका साध्या कुरणाचं नाव त्यात 'फेअर फील्ड' निघालं, म्हणजे तिथे जत्रा भरत असावी. नावाचा अर्थ नुसता 'छान शेत' असाही होऊ शकतो, म्हणून नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या साइटवर जुना नकाशा आणि आजचा सॅटेलाइट फोटो शेजारी-शेजारी लावून पाहिला, तर आता बुजलेली एक पायवाट थेट त्याच कोपऱ्यात येत होती. मालकाची लेखी परवानगी घेऊन गेलो, तिथे बटणं, शिशाची वजनं आणि व्हिक्टोरिया राणीची झिजलेली पेनी नाणी मिळाली. जागा शेड्यूल्ड मॉन्युमेंटमध्ये (कायद्याने संरक्षित प्राचीन स्थळात) येत नाही ना हे मात्र आधी तपासा, तिथे परवानगीशिवाय डिटेक्टर वापरणं गुन्हा आहे.