लेकरांना इंग्रजी वाक्प्रचार कसे शिकवावेत? पाठ होतात पण कळत नाहीत

अंबाजोगाईची आई
मुलगी सहावीत आहे, सेमी इंग्रजी. शाळेतून इडियम्सची यादी आली, तिनं अर्थासकट धडाधड पाठ केली. पण वाक्यात उपयोग करायला बसली तर 'ब्रेक द आइस'ला लिहिलं, रसवंतीवाल्यानं बर्फ फोडला! बसस्टँडजवळ पोत्यात गुंडाळलेला बर्फ दांड्यानं फोडताना रोज बघते ना ती, त्यामुळं आपलं बरोबरच आहे म्हणायली. मराठीत तर काहीच अडत नाही, भाऊ कॅरममध्ये हरला की लगेच 'नाचता येईना अंगण वाकडं' म्हणून मोकळी. मग इंग्रजीलाच असं का होतं? मार्कांचं जाऊ द्या, तिला खरंच समजलं पाहिजे.

गुरुजी, परभणी
ताई, यादी बाजूला ठेवा. 'अंगण वाकडं' तिला कुणी अर्थ सांगून शिकवलं नाही, कुणीतरी हरल्यावरच तिनं ते ऐकलं, म्हणून बसलं. इंग्रजीतही आधी प्रसंग सांगा, शब्द मागून. मी जिल्हा परिषद शाळेत शिकवतो, आमच्याकडं ऊसतोडीवरून परत आलेलं लेकरू वर्गात गप कोपऱ्यात बसतं, कुणी बोलत नाही, मग एखादा पोरगा म्हणतो चल कबड्डीला एक गडी कमी आहे, आन् तिथून सगळे बोलायला लागतात. हे सांगून झालं की मग म्हणायचं, ही वॉज द वन हू ब्रोक द आइस. मला परत अर्थ सांगावा लागला नाही.

एका दगडात दोन पक्षी, आगीत तेल, मगरीचे अश्रू हे दोन्हीकडं सारखेच आहेत, त्यावर वेळ घालवू नका. घोटाळा होतो तो 'पुलिंग समवन्स लेग'ला. आपल्याकडं पाय ओढणं म्हणजे वर चाललेल्याला खाली खेचणं, इंग्रजीत नुसती चेष्टामस्करी. असले वेगळे काढून आधी शिकवा.

नांदेडकर
गुरुजींशी सहमत, पण काहींच्या मागची माहिती सांगितली तर पोरं विसरत नाहीत. 'वन्स इन अ ब्लू मून' घ्या, एका इंग्रजी महिन्यात दोन पौर्णिमा आल्या की दुसरीला ब्लू मून म्हणतात, साधारण अडीच-पावणेतीन वर्षांनी येतो. आपला धोंड्याचा महिनाही जवळपास तेवढ्याच अंतरानं येतो, म्हणजे जावयाला धोंडे जेवण मिळतं तेवढं क्वचित! २०२३ ला तर अधिक श्रावण होता आणि राखीपौर्णिमेचा चंद्र ब्लू मूनच होता.

फक्त व्हॉट्सॲपवरच्या गोष्टी खऱ्या म्हणून सांगू नका. 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज'साठी छपरावरनं कुत्री-मांजरं घसरून पडायची असं फिरायलंय, त्याला काही पुरावा नाही.

लातूरवाला
'सेव्ह इट फॉर अ रेनी डे' आमच्या पोराला कळेचना. पाऊस पडला तर चांगलंच की, त्या दिवसासाठी पैसे कामून साठवायचे? त्याचं बरोबरच आहे हो, २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या गावात पावसाचा दिवस वाईट कसा सांगणार. शेवटी शेतातली कडब्याची गंजी दाखवली, म्हणलं ही कशासाठी रचली? म्हणे दुष्काळ पडला तर बैलांना. म्हणलं झालं, तिकडच्या लोकांना तेच म्हणायचंय. प्रत्येकाला मराठी म्हण शोधत बसू नका, आपल्याकडचा तसला प्रसंग शोधा.

अंबाजोगाईची आई
खूप खूप आभार सगळ्यांचे. कबड्डीचं आजच सांगते. आणि गुरुजी, परीक्षेत वाक्य कसं लिहायला लावू?

गुरुजी, परभणी
वाक्यातूनच अर्थ कळला पाहिजे बघा. 'इट वॉज अ पीस ऑफ केक' एवढंच लिहिलं तर पोरीला कळलंय का नाही, समजत नाही. 'द पेपर वॉज अ पीस ऑफ केक, आय फिनिश्ड इट इन हाफ ॲन अवर' असं लिहू द्या. आणि रोज एकच घ्या, ताई, तोही घरात दिवसभर वापरून.