'वाघ जास्त झाले' म्हणजे नेमके किती?

रानवेडा
काल एकाने इथे लिहिलं, "ताडोबाची धारण क्षमता संपली, जास्तीचे वाघ उचलून सह्याद्रीत सोडा, विषय संपला." डोकं फिरलं वाचून. क्षमता, म्हणजे जंगल किती वाघ पोसू शकतं ते, काय एसटीतली सीटं आहेत का? वाघ साधारण आठवड्याला एक मोठं जनावर मारतो, वर्षाला पन्नासेक. कळप न घटता एवढं मिळायचं तर मागे पाचशेच्या आसपास चितळ, सांबर, डुकरं हवीत. गवत-पाणी टिकलं की आकडा वाढतो, वणवे लागले की उतरतो. आणि वाघ उचललात तरी मोकळ्या जागेवर दुसरा येऊन बसतोच.

मोजूनमापून
म्हणजे मर्यादाच नाही? राज्यात २०१८ला ३१२ वाघ होते, २०२२ला ४४४. अलास्काजवळच्या सेंट मॅथ्यू बेटावर १९४४मध्ये २९ रेनडिअर सोडले, १९६३ला सहा हजार झाले. दगडांवर-जमिनीवर वाढणारं लायकेन खाऊन संपवलं, त्यात कडक हिवाळा. १९६६ला मोजले तर ४२.

रानवेडा
त्या बेटावर ना शिकारी, ना बाहेर पडायला वाट. वाघ उपाशी मरेपर्यंत थांबत नाही. हद्दीवरून भांडतात, नवा नर आधीच्याचे बछडे मारतो, जवान नर निघून जातात. २०१९मध्ये टिपेश्वर अभयारण्यातला एक तेराशे किलोमीटरच्या वर भटकून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला.

बांधीवाला
निघून कुठं जातात, तेही लिहा ना भाऊ. आमच्या शिवारात! आणि वाघाचं सोडा, डुकरांचं बोला. धानाला लोंबी आली की रात्रभर माळ्यावर जागली. जरा डोळा लागला, की सकाळी धानाची अख्खी बांधी (बांध घातलेलं वावर) लोळवलेली. पंचनाम्याला माणूस आला तेव्हा कापणी उरकली होती.

मोजूनमापून
डुकरं वाढली कशाने? जंगलात भागत नाही तेवढं धान तुम्हीच वाढून ठेवता. डुकरांची क्षमता शेतीने वाढवली, त्यामागे वाघ येतो.

बांधीवाला
वा! मग पेरूच नको? पुण्यात बसून तांदूळ कुठला खाता?

मोजूनमापून
मी गडचिरोलीचा आहे. आमच्याकडे पण डुकरं आहेत.

बांधीवाला
मग तर तुम्हाला कळायला पाहिजे होतं.

रानवेडा
डुकरांचा वेगळा धागा काढा रे. मुद्दा वाघ एका जंगलातून दुसऱ्यात जातात त्या वाटेचा, कॉरिडॉरचा होता.

बांधीवाला
काढा कॉरिडॉर. नकाशात माझी बांधी कुठं येते तेवढं आधी सांगा. क्षमता एका आकड्यात बसत नाही, मानलं साहेब. पण चार दिवस झाले, गोठ्यामागे पगमार्क आहेत. बैल बांधू कुठं?