‘मला हर्ष झाला’ असे रोजच्या बोलण्यात म्हणता येते का?

पूर्वभागकर:
नमस्कार. आमच्या घरी तेलुगू बोलतात. माझे शिक्षण मराठी माध्यमातून झाले असले, तरी सोलापूरच्या पूर्व भागात वाढल्यामुळे मोठ्या आनंदासाठी माझ्या तोंडी पहिला शब्द येतो तो ‘संतोष’. तेलुगूत ‘संतोषम्’ आणि शेजारच्या कन्नड घरांतही ‘संतोष’च. येत्या रविवारी भाचीचा बारावीच्या निकालाबद्दल सत्कार आहे आणि मला तेथे मराठीत चार वाक्ये बोलायची आहेत. ‘तुझा निकाल ऐकून मला फार संतोष झाला’ असे मी लिहिले होते, ते एका सहकाऱ्याने खोडून ‘मला अतिशय हर्ष झाला’ असे केले. घरी वाचून दाखवले तेव्हा मात्र बहिणीने ‘हे निवेदकाचे मराठी झाले’ असा शेरा मारला. हर्ष, उल्हास, आल्हाद, अत्यानंद यांपैकी कोणता शब्द साध्या वाक्यात कसा बसतो, हे कोणी उदाहरणांसह सांगेल का?

निवृत्त शिक्षिका:
आपल्या भगिनी म्हणतात त्यात तथ्य आहे. आधी ‘संतोष’ पाहू. मराठीत त्याचा अर्थ समाधान असा होतो. टिळकांना ‘भारतीय असंतोषाचे जनक’ म्हणतात, तेव्हा त्या असंतोषात दुःख अभिप्रेत नसते, असमाधान असते. भाचीने अपेक्षेइतके गुण मिळवले असतील, तर ‘संतोष वाटला’ हे शोभेल. अपेक्षेपलीकडे मिळवले असतील, तर तो शब्द तोकडा पडेल.

‘हर्ष’ची अडचण वेगळी आहे. ‘मला हर्ष झाला’ हे वाक्य व्याकरणाने निर्दोष आहे, परंतु हा शब्द आजच्या मराठीत सुटा फारसा वावरत नाही. तो ‘सहर्ष स्वागत’, ‘हर्षभरित’ अशा जोडीने येतो आणि तोही बहुधा लेखनात किंवा व्यासपीठावर. (शिवाय हर्ष नावाची मुले हल्ली इतकी आहेत, की वाक्याचा भलताच अर्थ निघायचा!) रोजच्या बोलण्यात त्याचे काम त्याच्यापासूनच आलेले ‘हरखणे’ हे क्रियापद करते. ज्ञानेश्वरीच्या मराठीत ‘हरिख’ हे रूप भेटते, आणि आजही एखादी आजी फोन ठेवता ठेवता ‘ऐकून नुसती हरखून गेले बघ’ असे सहज म्हणते.

नाम वापरले की क्रियापद त्या नामाप्रमाणे चालते, त्यामुळे पुरुष असो वा स्त्री, दोघांनीही ‘मला आनंद झाला’ असेच म्हणायचे असते. ‘हरखणे’मध्ये मात्र माणूस स्वतःच कर्ता होतो: मी हरखलो, ती हरखली, आम्ही सगळे हरखून गेलो. ‘मला हरखले’ होत नाही. ‘हुरळणे’ हा शब्द तेवढा दूर ठेवा. त्यात विचार हरवल्याची छटा आहे, आणि ‘हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी’ ही म्हण सभागृहातल्या निम्म्या मंडळींना पाठ असेल. ‘हर्षवायू’चेही तसेच. ‘त्याला हर्षवायू व्हायचाच काय तो बाकी होता’ हे वाक्य थट्टेत खुलते, सत्कारात नव्हे.

मुद्रितशोधक:
निमंत्रणपत्रिका तपासणे हेच माझे रोजचे काम असल्यामुळे ‘अत्यानंद’विषयी लिहितो. अति आणि आनंद यांचा हा संधी आहे, म्हणजे ‘खूप’ हा अर्थ शब्दाच्या पोटातच आहे. तरीही ‘खूप अत्यानंद होत आहे’ असे छापायला येतेच, आणि ‘सहर्ष आनंदाने’ही येते. ‘कळविण्यास अत्यानंद होत आहे’ एवढे पुरे. बोलताना तर ‘फार आनंद झाला’ याहून चांगले काही नाही. आणखी एक: ‘आनंदाला पारावार उरला नाही’ आणि ‘आनंद गगनात मावेना’ हे दोन्ही वाक्प्रचार नकारातच चालतात. ‘आनंदाला पारावार होता’ असे कोणी म्हणत नाही. लेखनात ‘आनंदीत’ आणि ‘उल्हासित’ ही रूपे टाळावीत; ‘आनंदित’ आणि ‘उल्हसित’ ही शुद्ध.

पूर्वभागकर:
दोघांचेही आभार. उल्हास आणि आल्हाद राहिले.

गड्ड्याशेजारी:
‘उल्हास’ हा संस्कृत ‘उल्लास’चा मराठी अवतार. त्यात आनंदापेक्षा उमेद अधिक असते: ‘निकालानंतर ती दुप्पट उल्हासाने पुढच्या तयारीला लागली.’ मात्र बोलीत हा शब्द अनेकदा उपरोधानेच येतो. ‘त्याच्या अभ्यासाचा सगळा उल्हासच आहे’ म्हणजे अभ्यास नाहीच. आणि मुळात आळशी असलेल्याला आणखी निमित्त मिळाले, की आपण ‘आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास’ म्हणतो. तेव्हा ‘तुझ्या अभ्यासाचा उल्हास पाहून’ अशी रचना चुकूनही करू नका. ‘आल्हाद’ हा इंद्रियांना सुखावणारा, हळुवार आनंद आहे. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असताना संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाकाठी वारा सुटतो, तो आल्हाददायक. गुणपत्रिका आल्हाददायक नसते.

‘जल्लोष’ तुम्ही विचारला नाही, पण भाषणात तो हमखास येतो. तो मनात होत नाही, चारचौघांत आणि आवाजासकट केला जातो. गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेत संमती कट्ट्याजवळ देवाच्या प्रतीकात्मक लग्नाच्या अक्षता पडतात, तेव्हा भाविक जल्लोष करतात. त्याच गर्दीत वडिलांच्या खांद्यावर बसलेले पोर मिरवणुकीतले उंच नंदीध्वज पाहून हरखते. ‘मला जल्लोष झाला’ मात्र म्हणता येत नाही.

पूर्वभागकर:
आता असे लिहिले आहे: ‘तुझा निकाल कळला तेव्हा आम्ही सगळे हरखून गेलो. तुझ्या आईच्या आनंदाला तर पारावार उरला नाही. तुझ्या या यशाने आजोबाही आनंदी झाले आहेत. पुढचे शिक्षणही अशाच उल्हासाने घे.’

निवृत्त शिक्षिका:
तिसऱ्या वाक्यात ‘आनंदित’ करावे. ‘आनंदी’ने बहुधा माणसाचा स्वभाव सांगितला जातो, ‘आनंदित’ने एखाद्या घटनेमुळे झालेली मनाची अवस्था. शेवटच्या वाक्यातील ‘उल्हासाने’ योग्य आहे, कारण तेथे उमेदच सांगायची आहे. पहिले वाक्य मात्र कागदावर न पाहता, भाचीकडे पाहून म्हणा.