मदत हवी आहे: पोरांसाठी स्वस्तातली रायफल, कॅलिबर (नळीच्या भोकाचं माप) कोणतं घ्यावं?

औंढ्याचा_गजानन: राम राम मंडळी. आमच्या दोन पोरांसाठी एक रायफल घ्यायचीय. स्वस्तात पाहिजे पण टिकली पाहिजे. .१७७ घ्यावी, .२२ घ्यावी, का एकदाच खर्च करून .३१५? नेम दोघांचाही चांगलाय, थोरल्यानं एनसीसीत चालवलीय. लवकर सांगा, शनिवारी नांदेडला जातोय, तिथूनच आणीन म्हणतो.

माळरान: पोरं केवढाली? कशासाठी? स्वस्त म्हणजे तुमच्या लेखी किती? काहीच लिहिलं नाही.

औंढ्याचा_गजानन: कशासाठी म्हणजे? डुकरं. तीन एकर भुईमूग नांगरल्यावानी उकरून टाकला. जागलीला पोरंच जातात, म्हणून त्यांच्या हातात काहीतरी द्यायचंय. दहा-बारा हजारांपर्यंत जाईन.

काळा_कोट: दहा-बारा हजारांत .३१५ चा विषयच संपला. आता .२२ म्हणता ती छर्ऱ्याची, म्हणजे हवेच्या दाबावरची, की काडतुसाची? नाव एक, वस्तू दोन. एनसीसीत चालवतात ती काडतुसाची. आणि पोरांचं वय अजून सांगितलं नाही.

औंढ्याचा_गजानन: थोरला १७, धाकटा १३. काडतुसाची का छर्ऱ्याची ते तुम्हीच सांगा ना, म्हणून तर विचारतोय.

काळा_कोट: मग ऐका. काडतुसाची असेल तर परवाना २१ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय नाही, तोही जिल्हाधिकारी कार्यालयातून, पोलिस चौकशी होऊन. शनिवारी जाऊन आणायची वस्तू नाही ती. दुसरं, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद आहे. रानडुक्कर पिकात शिरलं तरी वनखात्याची लेखी परवानगी लागते. रान तुमचं असलं तरी डुक्कर तुमचं नाही.

औंढ्याचा_गजानन: मी कायदा विचारला नव्हता साहेब, कॅलिबर विचारलं होतं.

काळा_कोट: कॅलिबरवरच तर कायदा आहे. २०१६ च्या नियमांप्रमाणे छर्ऱ्याची बंदूक .१७७ पर्यंत, म्हणजे साडेचार मिलिमीटर, आणि जोर २० ज्यूलच्या आत, तर परवाना लागत नाही. .२२ छर्ऱ्याचीच असली तरी लागतो.

बिनधास्त_परभणी: काही लागत नाही. माझ्याकडे .२२ छर्ऱ्याची दहा वर्षांपासून आहे, कुणी विचारलं नाही.

काळा_कोट: विचारलं नाही आणि चालतं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. इथं लिहून तर तुम्ही स्वतःच सांगितलंत.

बिनधास्त_परभणी: धमकी देता का? .१७७ नं चिमणी मरत नाही, लोकांना फुकट भीती घालू नका.

कयाधूकाठ: चिमणी सोडा. आमच्या शेजारच्या पोरानं .१७७ चा छर्रा डुकराच्या फऱ्यावर हाणला. कातडीखाली चरबीच एवढी, की आत गेला का नाही कुणास ठाऊक. डुक्कर मेलं नाही, पळालंही नाही. ते वळलं. बॅटरीच्या उजेडात आधी नुसते डोळे, मग एकदम पायात. पोराच्या बापाच्या मांडीला १४ टाके. १३ वर्षांच्या लेकराला हे हातात देऊन रात्री आखाड्यावर (शेतातल्या गोठ्यावर) पाठवणार असाल तर कृपा करून पाठवू नका.

औंढ्याचा_गजानन: एवढं माहीत नव्हतं.

आबा_वसमतकर: आमच्या आजोबांकडे ठासणीची होती, पीकसंरक्षणाच्या परवान्यावर. आधी बारूद, मग चिंधी, मग छर्रे, वर परत चिंधी, आणि गजानं ठासायचं. मला गज धरायला द्यायचे, बंदूक कधी दिली नाही. एक बार काढला की निम्मं शिवार जागं. डुकराला क्वचितच लागायचं, पण आठ दिवस यायची नाहीत. फक्त निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा, आणि नेमका तेव्हाच हरभरा घाट्यात. डुकरांना आचारसंहिता कळते असं आजी म्हणायची.

काळा_कोट: आबांचं बरोबर आहे. शस्त्र कायद्यात पिकासाठी म्हणून ठासणीच्या बंदुकीचा आजही वेगळा उल्लेख आहे. पण परवाना मोठ्या माणसाच्या नावावर, आणि तेवढ्यानं डुक्कर मारायची मुभा मिळत नाही.

फौजी_लोहा: .३१५ चं नाव तरी कुणी काढलं? ती गोळी दोन हजार ज्यूलच्या कितीतरी वर जाते. आपलं रान सपाट. चुकली तर पलीकडच्या आखाड्यावर कोण झोपलंय हे तिला कळत नाही.

डिजिटल_शेतकरी: पीव्हीसी पाइपाची कार्बाइड गन करा, दोनशे रुपयांत आवाज तोफेसारखा.

कयाधूकाठ: २०२५ च्या दिवाळीत भोपाळकडं त्याच खेळण्यानं लेकरांचे डोळे गेले. सल्ला मागे घ्या.

बीडचा_झटका: बंदूक सोडा, झटका मशीन बसवा, कुंपणाच्या तारेत झटका सोडणारं. सौर पाटी, बॅटरी, तारेचा खालचा पदर वीतभर उंचीवर, वरचा गुडघ्याला. डुक्कर नाकानं तार हुंगतं, तिथंच बसतो झटका. गवत मात्र तारेला टेकू देऊ नका, करंट उतरतो. आणि मेहरबानी करून मेनलाइनचा आकडा टाकू नका, त्यात माणसं मरतात.

सोयाबीन_किंग: भुईमुगाचा वाण कोणता होता?

नेमबाज_संभाजीनगर: सगळ्यांनी डुकराचंच धरलंय. पोरांचा नेम चांगला आहे असं ते म्हणतात, तर तेवढ्यासाठी उत्तर देतो. .१७७ घ्या, स्प्रिंगची, नळी मोडून भरायची. दहा मीटरची स्पर्धा याच साडेचार मिलिमीटरच्या छर्ऱ्यावर होते. स्पर्धेच्या रायफली लाखांच्या घरात, पण हात बसवायला साधी पुरते. प्रीसिहोल कंपनीच्या साध्या मॉडेलपासून बघायला लागा, आपल्याच राज्यातली आहे.
थोरल्याला एक सांगा: एनसीसीत दाबून धरायला शिकवलं असेल, इथं ते विसर. स्प्रिंगची रायफल सुटताना पुढं-मागं उसळते, तिला हातावर नुसती ठेवायची. आवळली की छर्रे पसरतात. रिकामी उडवू नका, आतलं सील जातं. मागं लोखंडी पत्रा लावू नका, छर्रा उलटून येतो. वाळूचं पोतं लावा. चपट्या तोंडाचे छर्रे घ्या, कागदाला गोल भोक पडतं. शिसं असतं, हात धुवून भाकरीला बसा.
धाकट्यासाठी: दस्त्याचं (खांद्याला टेकवायच्या भागाचं) मागचं टोक कोपराच्या वाकात धरून बघा. बोट घोड्याला पोचलं तरच त्याच्या मापाची. नळी मोडायला जोर लागतो, ते मोठ्यानं करून द्यायचं.

माळरान: स्वप्निल कुसाळेला पॅरिस ऑलिम्पिकला २०२४ मध्ये नेमबाजीत कांस्य मिळालं तेव्हापासून प्रत्येकाला घरात नेमबाज दिसायला लागलाय. तो कोल्हापूरकडचा. आपल्याकडं तालुक्याला रेंज दाखवा एक.

नेमबाज_संभाजीनगर: कुसाळेचा प्रकार ५० मीटरचा, काडतुसाच्या .२२ चा. दहा मीटरला गोठ्यामागची भिंतसुद्धा पुरते.

काळा_कोट: गजाननराव, नुकसान झाल्यापासून तीन दिवसांत वनखात्याकडं अर्ज दिला का? पंचनामा झाल्याशिवाय भरपाई नाही.

औंढ्याचा_गजानन: तीन दिवस कधीच होऊन गेले, आज नववा. असो. .१७७ घेतो, पण ती घरी राहील. जागलीला आता मी आणि मेहुणा जातो.
नेमबाज दादा, तुराटी कोपरात धरून मोजलं. धाकट्याचं साडेबारा इंच भरतंय. दुकानवाला फोनवर म्हणतो, सगळ्या १४ च्या वरच्याच. दस्ता कापता येतो का?

नेमबाज_संभाजीनगर: लाकडी असेल तर चांगला सुतार कापून देतो, वॉरंटीचं आधी विचारा. प्लास्टिकचा आतून पोकळ असतो, त्याला करवत लावू नका. नाहीतर वर्षभर थांबा, पोरगं वाढतंय.

औंढ्याचा_गजानन: आणि झटकावाले दादा, तीन एकराला तार किती लागेल?

बीडचा_झटका: रान चौकोनी असेल तर एका पदराला साडेचारशे मीटर धरा, दोन पदरांचे नऊशे. पण चौकोनी आहे का लांबडं? विहिरीचा रस्ता कुठून येतो? काहीच सांगितलं नाही तुम्ही.